फट मोजायची ती इंजिन हलवून

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनाचा धूर बाहेर नेणारी) नळी स्टिअरिंग शाफ्टला, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला, घासत असेल तर ती हातोडीने थोडी चेपा, बोटभर फट दिसली की झालं, असा सल्ला दिला जातो. चेपल्याने शाफ्टला जागा मिळते, हे खरंच आहे. पण बोटभर फट दिसली म्हणजे काम झालं, हे पटत नाही. ती फट बंद इंजिनाची. रबरी माउंटवर (आधारांवर) बसवलेलं इंजिन जोर आला की एका अंगाला कलतं, आणि रिव्हर्समध्ये नेमकं उलट्या अंगाला. माझ्या गाडीत पुढे जाताना सगळं शांत असायचं, चढावर रिव्हर्स घेतली की टकटक आणि स्टिअरिंग जड. दोन आठवडे मी बिचाऱ्या गिअरबॉक्सला दोष देत होतो! शेवटी इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने एक बाजू हळूच उचलली, तेव्हा नळी शाफ्टला टेकताना दिसली.

मग नळी आणखी न चेपता शाफ्टचीच वाट बदलली, २ ऐवजी ३ युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात वळू देणारे सांधे) लावून. असं केलं तर मधे चासीला पक्कं बसवलेलं बेअरिंग हवंच, नाहीतर शाफ्ट जागेवर न राहता दुमडतो. २ च जॉइंट पुरत असतील तर मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुबेळके) एका रेषेत ठेवा. चुकले तर स्टिअरिंग एकाच फेरीत कधी हलकं, कधी जड लागतं. आणि हो, जुन्या गाडीत शाफ्टवर रबरी कपलिंग (शाफ्टचे भाग जोडणारी रबरी चकती) असेल तर त्याच्या आणि एक्झॉस्टच्या मधे पत्र्याचा आडोसा घालाच. नुसत्या धगीनेही रबर कडक होऊन तडकतं.