मुलगा म्हणून वाढवायचं ठरलं, मग पोटातला बीजांडकोश काढायचा का?

रानजाई: १९९८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एडिंबरोच्या डॉक्टरांनी एका मुलाची केस छापली होती. आयव्हीएफचं बाळ. एक वृषण उतरलं नव्हतं म्हणून तपासायला गेले, तर पोटात बीजांडकोश आणि बीजवाहिनी! एक एक्सएक्स (मुलीचा) आणि एक एक्सवाय (मुलाचा) असे दोन गर्भ सुरुवातीलाच मिसळून एकच बाळ झालं होतं. यालाच कायमेरा म्हणतात. अशा बाळांत ठरवलेल्या लिंगाशी न जुळणारी ग्रंथी काढून टाकायची, ही जुनी रीत. माझा तिला साफ विरोध आहे. पुढे मूल होण्याची जी काही आशा असते, ती बहुतेकदा त्या बीजांडकोशातच असते.

चहाबाज: मुलाला बीजांडकोश काय लोणचं घालायला हवाय? तेराव्या वर्षी छाती वाढली, आत गर्भाशय असेल तर दर महिन्याला लघवीतून रक्त आलं, तर त्या पोरानं शाळेत जायचं कसं? तत्त्वं आपली, भोगणार तो.

रानजाई: वयात येणं इंजेक्शनं देऊन थोपवता येतं. काढलेला बीजांडकोश परत बसवता येत नाही. तमिळनाडूनं २०१९ मध्ये जीवावरचा प्रसंग सोडून बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली, ती उगाच नाही.

नळीफुंकणी: एक भाबडी शंका. दोन्ही असेल तर स्वतःपासूनच मूल?

सूक्ष्मदर्शक: नाही हो, माणसात तसं एकही सिद्ध उदाहरण नाही. शुक्राणू तयार व्हायला वाय गुणसूत्रावरचे जनुक लागतात, त्यामुळे एक्सएक्स पेशी तिथे कामाच्या नाहीत. एकाच ग्रंथीत दोन्ही ऊती असल्या (ओव्होटेस्टिस), तर बीजांडकोशाचा भाग बहुधा धड असतो, वृषणाचा खुरटलेला. म्हणून अशा व्यक्तींना दिवस गेल्याच्या नोंदी सापडतात, बाप झाल्याच्या अगदी विरळा.
पण रानजाई, ‘हात लावू नका’ हेही सरसकट नको. स्वायर सिंड्रोममध्ये (गुणसूत्रं एक्सवाय, पण शरीर मुलीचं) वाय असलेल्या तंतूसारख्या ग्रंथीत गाठीचा धोका बराच असतो, ती काढावीच लागते. तरी गर्भाशय असल्यानं दात्याच्या बीजांडावर मूल होऊ शकतं. ओव्होटेस्टिसमध्ये हा धोका पुष्कळ कमी. आणि नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर ठरवू नका. रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी दिसल्या, तरी ग्रंथीत काय आहे ते बायोप्सीशिवाय कळत नाही.

चहाबाज: बरं, ठेवला बीजांडकोश. पुरुष म्हणून लग्न झालं. पुढे?

रानजाई: त्याचं बीजांड, दात्याचे शुक्राणू, बायकोचं गर्भाशय. प्रयोगशाळेला यात अवघड काही नाही.

चहाबाज: प्रयोगशाळेला नसेल. सासूला कोण सांगणार?