सायलेन्सर बदलल्यापासून बुलेट ३५० उतारावर फटाके फोडते : आधी कोणता जेट बदलावा?

नमस्कार.

माझ्याकडे २००६ सालची, जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट ३५० आहे. मूळ सायलेन्सर तळाकडून गंजून सडला आणि तसाच दुसरा त्या वेळी मिळेना, म्हणून बाजारातला आखूड, आत ग्लासवूल असलेला सायलेन्सर बसवून घेतला. त्यातली जाळी काढलेली नाही, कारण मला आवाजाची हौस नाही आणि पावती फाडून घेण्याची तर मुळीच नाही. बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) जुनाच असून एअर फिल्टर मूळ प्रकारचा आणि नवा आहे. कार्बोरेटर मिककार्ब व्हीएम २४ आहे. त्यातल्या जेटांपैकी (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) मेन जेटवर ९० आणि पायलट जेटवर २५ असे भोकाच्या मापाचे आकडे आहेत, निडलची (मधल्या थ्रॉटलला पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) क्लिप वरून तिसऱ्या खाचेत आहे आणि एअर स्क्रू (पायलटची हवा कमी-जास्त करणारा) पूर्ण आवळून दीड फेरा सैल केलेला आहे.

तक्रारी दोन आहेत. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना, थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी गिअरवर सोडली की सायलेन्सरमधून फटफट असे बार निघतात, आणि ते जसजसे खाली यावे तसतसे वाढत जातात. सपाटीला लागल्यावर पाव थ्रॉटलपासून एकदम पिळले तर इंजिन क्षणभर अडखळते आणि मग उचल घेते. सलग वेगात चालवून काढलेल्या प्लगचे पांढरे चिनीमातीचे टोक जवळजवळ कोरे दिसते, म्हणजे पेट्रोल कमी पडत असावे. पूर्वी ते विटकरी तपकिरी असे.

आमच्या साताऱ्यातील मिस्त्रींचे म्हणणे असे की सरळ ११० चा मेन जेट टाकावा, आणि तो मिळाला नाही तर आहे त्याचेच भोक तार फिरवून मोठे करून देतो. मला हे पटत नाही, कारण माझ्या समजुतीप्रमाणे मेन जेटचा खरा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे सुरू होतो, तर थ्रॉटल बंद असताना पेट्रोल पायलट जेटमधूनच येते. मग मेन जेट मोठा करून उतारावरचे बार कसे थांबतील? आधी पायलट पाहावा, निडल उचलावी की मेन जेटपासूनच सुरुवात करावी, आणि घाटावर व कोकणात दोन्हीकडे चालेल असे एकच सेटिंग निघू शकते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. मात्र जेटला हात लावण्यापूर्वी बेंड पाइप तपासा. या इंजिनात तो हेडमध्ये (इंजिनाच्या माथ्यात) नुसता दाबून बसवलेला असतो आणि सायलेन्सर बदलताना हमखास हलतो. इंजिन थंड असतानाच सुरू करा, सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओले फडके क्षणभर दाबून धरा आणि पेटती उदबत्ती हेडजवळच्या व सायलेन्सरच्या सांध्याभोवती फिरवा. धूर एका जागी उडाला, किंवा सांध्यालगत काजळीची रेघ दिसली, तर तेथून बाहेरची हवा आत शिरते, न जळलेले पेट्रोल पाइपमध्येच पेट घेते आणि बार होतो. अशा वेळी कितीही जेट बदलले तरी उपयोग होत नाही. उदबत्ती विझवून कार्बोरेटर आणि हेड यांमधला जोडही पाहून घ्या.

सांधे घट्ट असतील तर मेन जेटपासून सुरुवात करा. बार त्याच्यामुळे होत नाहीत हे खरे, पण त्याचा परिणाम थोडाफार मधल्या पट्ट्यातही उतरतो, म्हणून तो आधी ठरलेला बरा. इंजिन तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल द्या आणि मग तो किंचित मिटा. मिटल्यावर गाडी उलट जोर धरत असेल तर जेट लहान आहे. ९५ लावून पाहा, गरज पडली तरच १००. फक्त सायलेन्सर बदललेला आणि फिल्टर मूळचा असताना एकदम ११० वर जाणे मला अतिरेक वाटतो. तार तर मुळीच फिरवू देऊ नका. भोक वाकडे होते आणि वरचा आकडा निरर्थक ठरतो.

नंतर गरम इंजिनावर एअर स्क्रू फिरवून रेस सर्वांत चढी कुठे होते ते पाहा. या कार्बोरेटरमध्ये स्क्रू आवळला की मिश्रण गाढे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होते. एका फेऱ्याच्या आतच चांगले चालत असेल तर पायलट २७.५ चा हवा. पावापासूनची अडखळ त्यानंतरही राहिली तर क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे निडल वर उचलली जाईल.

हे सगळे महाबळेश्वरला करू नका. तेथे, सुमारे १३५० मीटर उंचीवर, हवा विरळ असल्यामुळे मिश्रण आपोआप गाढे होते आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. पोलादपूरच्या दाट हवेत तेच हलके (पेट्रोल कमी) पडते, म्हणूनच आपले बार खाली येताना वाढतात. सेटिंग पोलादपूरला ठरवा. वर गेल्यावर प्लग थोडा काळा पडेल आणि ॲव्हरेज थोडे घटेल, पण हलक्या मिश्रणावर तापून पिस्टन धरण्यापेक्षा (सिलिंडरमध्ये अडकण्यापेक्षा) ते परवडते.

पायलट जेट काढताना त्याच्या खाचेत नेमका बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. पितळ मऊ असते. खाच एकदा झिजली की जेट बाहेर काढणे फार जिकिरीचे होते.