मदत हवी आहे : घाटात दरड उपसणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचा लेखी आदेश कोणी काढायचा?

नमस्कार,

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका शासकीय कार्यालयात कनिष्ठ अभियंता असून घाटातील रस्त्याची देखभाल माझ्याकडे आहे. हाताखाली खात्याचे चार मैलकामगार आणि पावसाळ्यापुरते ठेकेदाराचे सात मजूर असतात.

जुलै २०२५ मध्ये रात्री दोनच्या सुमारास दरड आल्याचा निरोप मिळाला. जेसीबी पोहोचेपर्यंत निदान एका बाजूने गाड्या सुटाव्यात म्हणून मजुरांनी पहारीने दगड सरकवायला घेतले, तेवढ्यात वरून सुटलेला धोंडा ठेकेदाराच्या एका मजुराच्या घोट्यावर आला. हाड मोडले आणि तो तीन महिने घरी बसला. वर गेलेल्या अहवालात कारण एका ओळीचे आहे : ‘मजुराच्या निष्काळजीपणामुळे’. मी तेथेच उभा होतो. त्याने कोणता नियम मोडला हे मला सांगता येत नाही, कारण नियमच नव्हता.

कोकणातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको, की वरचा सच्छिद्र जांभा पाणी आत घेतो, खालची शेडी माती त्या पाण्याने भिजून निसरडी होते आणि पाऊस उघडल्यानंतरही डोंगर सुटू शकतो. त्यामुळे मला भीती वाटते ती पहिल्या दरडीपेक्षा ती उपसताना येणाऱ्या दुसरीची. आमच्या साहित्य नोंदवहीत ‘वाटप पूर्ण’ असा शेरा आहे. प्रत्यक्षात अकरा जणांत हेल्मेटे चार, चमकणारी जाकिटे सहा, आणि गमबूट सगळे दहा नंबरचे, म्हणून निम्मे लोक स्लिपर घालून चिखलात उतरतात.

या पावसाळ्यापूर्वी मी एक आदेश लिहीत आहे. उजाडेपर्यंत हाताने दगड काढायचा नाही. एका माणसाने दुसरे काहीही न करता शिट्टी घेऊन केवळ डोंगराकडे पाहत उभे राहायचे. उतारातून गढूळ पाणी येऊ लागले, झाडे कलली किंवा बारीक खडे गळू लागले, तर कोणाच्या हुकमाची वाट न पाहता सर्वांनी मागे यायचे. असा आदेश काढण्याचा मला अधिकार आहे का? नव्या श्रमसंहितेतून शासकीय कार्यालये वगळली आहेत असे सांगितले जाते. मग घाटातले वळण हे कार्यालय धरायचे का? आणि त्या मजुराला भरपाई देणार कोण?

प्रतिसाद

अभियंता साहेब, मी याच प्रकारच्या कामातून निवृत्त झालो आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेथे मुदत आहे. श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. आपला अपघात त्याआधीचा असल्याने १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा पाहावा. त्याच्या कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडून मागता येते, व तो ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. ‘सरकार काही धंदा करीत नाही’ हा बचाव टिकत नाही, कारण कलम २(२) शासकीय खात्याचे कामही धंदाच मानते. दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा. निष्काळजीपणा या एका शब्दाने भरपाई बुडत नाही. नशा, सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेल्या आज्ञेचा जाणूनबुजून केलेला भंग, किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणे, असे काही सिद्ध करावे लागते.

श्रमसंहितांपैकी २०२० च्या सुरक्षा संहितेत शासकीय कार्यालये वगळताना तेथील कंत्राटी कामगारांसाठी अपवाद ठेवला आहे. परंतु मजूरसंख्येच्या अटीही आहेत, त्यामुळे सारी भिस्त तिच्यावर ठेवू नये. आपल्या मैलकामगारांना इजा झाल्यास १९८१ च्या रजा नियमांतील विशेष विकलांगता रजा मागावी. पुष्कळांना ती ठाऊकच नसते. आदेश मात्र आपल्या सहीने न काढता मसुदा उपअभियंत्यांकडे पाठवून आवक क्रमांक घ्यावा. तोंडी होकारावर पावसाळे निघून जातात, हे मी स्वतः पाहिले आहे.

धागाकर्ता

आभारी आहे. मजुराच्या पत्नीने दवाखान्याची कागदपत्रे जपून ठेवली आहेत, ती उद्या पाहतो. मसुदा सोमवारी देईन. सोबत प्रत्येकाच्या पायाचे माप लिहून गमबुटांची मागणीही जोडतो. एक शंका राहिली : मजुरांना आदेश वाचून दाखवल्याची नोंद ठेकेदाराच्या हजेरीपटावर घ्यावी, की वेगळ्या वहीत?