मदत हवी आहे: माकडताप आणि मेंदू, एमएस्सीच्या प्रबंधाला हा विषय झेपेल का?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. ताळगावला प्राणिशास्त्रात एमएस्सी करते. प्रबंधाचा विषय चवथीच्या सुट्टीआधी द्यायचा आहे आणि माझं घोडं तिथंच अडलंय.

विषय डोक्यात पक्का आहे: माकडताप, म्हणजे केएफडी (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, त्यातून हा विषाणू सापडला. गोचीड चावली की माणसाला होतो. आमच्या तालुक्यात २०१५ पासून त्याचं नाव सगळ्यांना कळलं. लोक काजूत बोंडू वेचायला जातात ते दिवस आणि गोचिडीच्या पिल्लांचा जोर असतो ते दिवस एकच.

ताप, अंगदुखी, रक्तस्राव यावर बोललं जातं. मला सतावतो तो पुढचा टप्पा. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत पहिला ताप उतरतो, माणूस आठवडा-दोन आठवडे बरा असतो, आणि मग पुन्हा ताप चढतो. या खेपेला मान आखडते, हात थरथरतात, नजर अंधुक होते. माझ्या मामाचं असंच झालं होतं. घरी सगळे अशक्तपणा म्हणून पेज पाजत बसले.

तर हा विषाणू मेंदूपर्यंत पोचतो कसा, यावर मला काम करायचंय. विषाणू आमच्या लॅबमध्ये हाताळणं शक्य नाही, एवढं मलाही कळतं. गाईड म्हणतात, झेब्राफिश या छोट्या माशाच्या वर्तनावर काहीतरी साधं कर आणि मोकळी हो. पण पुढे न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायची असेल तर अशा प्रबंधाचा उपयोग होतो का? की नावापुरता का होईना, मेंदूज्वराच्या जवळचा विषय हवा? बाबांचा प्रश्न वेगळाच आहे: पाच वर्षं बाहेर राहायचं तर खाणार काय? त्याचंही खरं उत्तर कुणी द्या.

प्रतिसाद १

झेब्राफिश कर, पास हो, नेट (संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) दे. माकडताप कुठे पळून जात नाही.

प्रतिसाद २

वरच्यांचं अर्धं खरं आहे. मी बंगळूरला रक्त-मेंदू अडथळ्यावरच (रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणारी केशवाहिन्यांची भिंत) पीएचडी करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत, ते आधी सोडवा. एक, विषाणू स्वतः मेंदूत शिरतो का. दुसरा, शरीरात उठलेल्या दाहामुळे अडथळा सैल होतो का, मग विषाणू आत जावो वा न जावो. पहिल्याला जिवंत विषाणू लागतो. केएफडीचा विषाणू सर्वांत कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेतला, पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) तशी, म्हणजे बीएसएल-४ दर्जाची, आहे. एमएस्सीच्या मुलीला तिथे कुणी पिपेट धरू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. दुसरा प्रश्न मात्र विषाणूशिवाय हाताळता येतो.

कसा ते सांगतो. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात, त्या चिकटण्यात क्लॉडिन-५ आणि झेडओ-१ या प्रथिनांचा मोठा वाटा. उंदराच्या मेंदूतल्या अशा पेशींची बीएंड.३ नावाची सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी) मिळते, ती सच्छिद्र पडद्यावर वाढवायची. मग वर पॉली आय:सी टाकायचं. हा दुहेरी धाग्याच्या आरएनएसारखा कृत्रिम रेणू. आरएनए विषाणू पेशीत वाढताना असा आरएनए तयार होतो आणि पेशीतला टीएलआर-३ हा ग्राहक तो ओळखतो, म्हणजे पेशीला वाटतं विषाणू आला. त्यानंतर अडथळ्याचा विद्युतरोध (थर जितका घट्ट तितका जास्त) किती घटला ते मोजायचं, आणि इम्युनोफ्लुरोसन्स करून, म्हणजे प्रथिनाला चमकणारी खूण लावून, क्लॉडिन-५ पेशींच्या कडेवरून हललं का ते बघायचं. सहा महिन्यांत होण्यासारखं आहे, आणि प्राणी नसल्यामुळे प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीत वेळ जात नाही. (झेब्राफिश सोपा म्हणणाऱ्यांनी ती मंजुरी कधी मिळवलेली नसते!)

फक्त प्रबंधाच्या मथळ्यात ‘केएफडी’ लिहू नका. ‘विषाणूजन्य दाहात रक्त-मेंदू अडथळा’ असं लिहा. पॉली आय:सीने जे दिसलं ते केएफडीत होतंच असं म्हणायला तुमच्याकडे पुरावा नसेल आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) पहिला बाण तिथेच येईल.

पुढच्यासाठी: बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेत न्यूरोव्हायरॉलॉजी (चेतासंस्थेचे विषाणू) हा स्वतंत्र विभाग आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, तिथे जपानी मेंदूज्वरावर बरीच वर्षं काम झालंय. तो विषाणूही केएफडीच्याच फ्लेव्हिव्हायरस कुळातला. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी पेशी, चवताळल्या की चेतापेशींचं नुकसान वाढतं हे तिथल्या शोधनिबंधांतून नीट कळतं. मुलाखतीला जाण्याआधी ते वाचाच. तुमचा प्रबंध कुठल्या प्राण्यावर होता यापेक्षा कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) कसे ठेवले यावर जास्त खोदतात.

प्रतिसाद ३

बाय, मी फोंड्याला अनेक वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. बाबांना सांग की सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. श्रीमंत होणार नाहीस, पण घरून पैसे मागावे लागणार नाहीत. टीआयएफआर (मुंबई) आणि एनसीबीएस (बंगळूर) या संशोधन संस्थांसाठी जेजीईईबिल्स ही वेगळी परीक्षा असते, दोन्हींचे फॉर्म भर. आणि पैसे वेळेवर जमा होतातच असं नाही, तेव्हा तीन-चार महिन्यांचा खर्च गाठीला असू दे. हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

दुसरं. तुझ्या तालुक्यातल्या रुग्णांच्या जुन्या केसपेपरांवरूनही काम होऊ शकतं: दुसरा टप्पा किती जणांना आला, चेतासंस्थेची लक्षणं कोणती, किती दिवस टिकली. त्याला रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी आणि मार्गदर्शक म्हणून एखादा डॉक्टर लागेल. प्रबंधाच्या मुदतीत बसणार नाही, पण ओळख आत्ता करून ठेव. माकडतापाचा पेशंट डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी मोठ्या शहरांतल्या लॅबना सहज मिळत नाही.

धागाकर्ती

देव बरें करूं, सगळ्यांचंच. दोन प्रश्न वेगळे करायला हवेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. गाईडना विचारलं. सेल कल्चरची सोय शेजारच्या विभागात आहे, ते बोलून बघणार आहेत. अडचण एकच: विद्युतरोध मोजायचं यंत्र नाही. नवीन घ्यायला पैसे मिळणार नाहीत हे न विचारताच कळतं. बाबा आकडा ऐकून गप्प झाले, म्हणजे बहुतेक होकार.

प्रतिसाद २

यंत्र नसलं तरी चालेल. चमकणारा डेक्स्ट्रान (साखरेच्या साखळीचा मोठा रेणू) पडद्याच्या वरच्या कप्प्यात टाका आणि ठरावीक वेळाने खालच्या कप्प्यातलं थोडं द्रव काढून त्याची चमक प्लेट रीडर या यंत्रावर वाचा. जितका जास्त झिरपला तितका अडथळा सैल. तसंही बीएंड.३ चा विद्युतरोध कमीच येतो, त्यामुळे यंत्र असतं तरी डेक्स्ट्रान करावाच लागला असता. पेशी न लावलेला कोरा पडदा एक कंट्रोल म्हणून ठेवा, आणि पॉली आय:सी न दिलेल्या पेशी दुसरा. फ्लुरोसन्स वाचणारा प्लेट रीडर आहे का तेवढं आधी बघून या. काही विभागांत नुसता एलायझा रीडर असतो, तो रंग मोजतो, चमक नाही; त्यावर हे होणार नाही.