अहल्येच्या तोंडी अभंग: शिळा टाळता येईल का?

प्रश्न: अहल्या स्वतः बोलतेय अशी कविता मोठ्या अभंगात लिहायची आहे. शिळा, पदस्पर्श, उद्धार यापलीकडे जाता येत नाही आणि कडवी भाषणासारखी होतात. काय करावं?

ओवीकर: शिळा सोडाच. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात ती दगड होतच नाही. प्रचलित प्रतीत सर्ग 48 काढा: वारा खाऊन, उपाशी, राखेत पडून, कुणालाही न दिसता तिथेच राहायचं, असा शाप आहे. पुढच्या सर्गात तर राम-लक्ष्मणच तिचे पाय धरतात! कवितेचा जीव तिच्या न दिसण्यात आहे.

मात्रामोजणी: भाषण होतं ते शब्दांमुळे. मोठ्या अभंगाची अक्षरं 6-6-6-4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच धरा. ‘पितृसत्ता’ लिहिलंत की सहातली चार अक्षरं गेली, चित्र मात्र काहीच नाही. त्यापेक्षा असं:

राखेत झोपले
वारा मी गिळला
कोणा ना कळला
श्वास माझा

चौथ्या चरणात निष्कर्ष कोंबू नका. चार अक्षरांत तो घोषणाच होतो. तिथे वस्तू किंवा अवयव ठेवा.

ओवीकर: हे खरंच. आणखी एक: तिला निव्वळ फसलेली दाखवू नका. शापाच्या त्या सर्ग 48 मध्येच ती मुनिवेशातला इंद्र ओळखते आणि कुतूहलाने होकार देते. नंतरच्या कित्येक कथनांत हे ओळखणं गाळलं जातं. तुमचं पहिलं कडवं तिथूनच सुरू होऊ द्या.