मदत हवी आहे: तेरचं संग्रहालय व्हीलचेअरवरून बघता येईल का?

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा इतिहासाचे शिक्षक होते. अर्धांगवायूनंतर उजवी बाजू गेली, आता व्हीलचेअरवर असतात. त्यांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं लामतुरे संग्रहालय बघायचंय. सातवाहन काळातली ती हस्तिदंती बाहुली, इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी साम्य असलेली, तिच्याबद्दल त्यांनी वर्गात कितीदा शिकवलं, पण प्रत्यक्ष पाहणं राहूनच गेलं.

लातूरहून गाडीने नेणार आहोत. दाराशी रॅम्प आहे का, की पायऱ्याच? असेल तर चढ किती? खुर्चीची पुढची चाकं लहान आहेत, बोटभर उंबऱ्यालाही अडतात आणि अण्णा एकदम पुढे झुकतात. उचलून नेलेलं त्यांना अजिबात आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. बाहुली, मणी, मातीच्या मूर्ती खुर्चीत बसून नीट दिसतात का? कमोडचं स्वच्छतागृह जवळपास कुठे मिळेल?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारती सुगम हव्यात असं आहेच, पण मला अलीकडे तिथे जाऊन आलेल्यांचं सांगणं हवंय. तेरमध्येच असलेल्या गोरोबाकाकांच्या (संत गोरा कुंभार) मंदिरातही न्यायचंय, तिथली वाट कशी आहे? जमल्यास दाराचा फोटो टाका.