विषय: कार सीट टेक्निशियनचा कोर्स – सरावासाठी गाड्या हव्यात

प्रेषक: बालविभाग

सप्रेम नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात मी चाइल्ड पॅसेंजर सेफ्टी टेक्निशियनच्या, म्हणजे मुलांच्या कार सीट तपासून त्या नीट लावायला शिकवणाऱ्याच्या, कोर्सला बसते आहे. नॅशव्हिलमध्येच आहे, बुधवार ते शनिवार, सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत. सर्टिफिकेट सेफ किड्स वर्ल्डवाइड या संस्थेकडून मिळतं. शेवटच्या दिवशी लोकांसाठी सीट तपासणीचा कार्यक्रम असतो आणि तिथे खऱ्या कुटुंबांबरोबर काम करावं लागतं.

हे का करते आहे ते सांगते. आपल्याकडे बाळंतपणाला आई किंवा सासूबाई येतात आणि चांगल्या सहा-सहा महिने राहतात. बाळाला गाडीत बसवायचं काम निम्म्या वेळा त्यांच्याकडेच असतं. सीट तपासायला मात्र आई-बाबा जातात, सगळं बोलणं इंग्रजीतून होतं आणि आजी डायपरची पिशवी धरून मागे उभी असते. तिला कुणी काही सांगत नाही, विचारत तर नाहीच. मंडळात एक तरी माणूस असं हवं, जे आजीला मराठीतून समजावेल आणि तिच्याच हातांनी दोन वेळा करून घेईल.

तर मदत हवी आहे. एक, रविवारी दुपारी सरावासाठी वेगवेगळ्या गाड्या, जितक्या जुन्या-नव्या मिळतील तितक्या. दोन, मुदत संपलेल्या सीट कुणाच्या गराजमध्ये पडून असतील तर टाकू नका, सरावाला द्या. आणि तीन, मनात असतील ते प्रश्न इथेच विचारा.

– बालविभाग


प्रेषक: ज्येष्ठ कट्टा

ताई, उपक्रम फार चांगला आहे. आमच्या कट्ट्यावर कालच यावर चर्चा झाली, म्हणून सगळ्यांच्या वतीने विचारतो.

आम्ही आमची मुलं मांडीवर घेऊन पुणे-कोल्हापूर केलं. इथे सून म्हणते, पाच मिनिटांवरच्या दुकानात जायचं असलं तरी बाळ सीटमध्येच. मी ते पाळतो. पण घट्ट धरलेलं बाळ का चालत नाही, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. कायदा आहे एवढंच सांगतात. कारण कळलं तर आम्ही दुसऱ्यालाही सांगू.

दुसरं, आमची नात आता दीड वर्षाची आहे आणि अजून तिचं तोंड मागच्या काचेकडे. पाय दुमडून बसते बिचारी. हे कधीपर्यंत?


प्रेषक: नॉक्सव्हिलहून

नमस्कार. मी काही वर्षं टेक्निशियन आहे आणि आपल्या यादीवर बहुतेक वेळा नुसती वाचते, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. काका, तुमचे प्रश्न आधी घेते, कारण ताईंना पुढे सगळ्यात जास्त वेळा हेच विचारले जाणार आहेत.

गाडी ताशी 30 मैलांनी जात असते, तेव्हा आतलं बाळही त्याच वेगाने जात असतं. गाडी कशावर तरी आदळून थांबली, तरी बाळ थांबत नाही. त्याला कशाने तरी थांबवावं लागतं. कोर्समध्ये याचा ढोबळ हिशेब शिकवतात: वजन गुणिले वेग. बाळ 20 पौंडांचं, म्हणजे नऊ किलोंचं, आणि वेग 30, तर त्याला धरून ठेवायला साधारण 600 पौंडांचा जोर लागतो, म्हणजे पावणेतीनशे किलोंच्या आसपास. तेही पापणी लवायच्या आत. यात प्रेमाचा किंवा ताकदीचा प्रश्नच नाही, कुणाच्याही हातून बाळ सुटणारच. आणि धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावला नसेल, तर त्याचं सगळं वजन समोरच्या बाळावर येतं.

काका, मांडीचा हा वाद आपल्याच राज्यात कायद्यापर्यंत गेला होता. मुलांना गाडीत सीटमध्ये बसवण्याचा देशातला पहिला कायदा टेनेसीचा. मर्फ्रीसबोरोचे बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी तो लावून धरला. 1977 मध्ये मंजूर झाला, 1978 च्या जानेवारीत लागू झाला. पण मंजूर होताना त्यात एक सवलत शिरली: मोठ्या माणसाने हातात धरलेलं बाळ असेल तर चालेल. कायद्याच्या बाजूची मंडळी त्या कलमाला ‘चाइल्ड क्रशर’, म्हणजे बाळ चिरडणारं, म्हणायची. 1981 मध्ये ते काढून टाकलं, आणि 1985 पर्यंत देशातल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. नात घेऊन मर्फ्रीसबोरोवरून जाल तेव्हा तिथल्या या डॉक्टरांची आठवण काढा.

आता नातीचे पाय. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. तोंड पुढे असेल तर समोरून धडक बसल्यावर धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. तोंड मागे असेल तर डोकं, मान आणि पाठ तिन्ही सीटच्या पाठीत एकत्र दाबली जातात. पाय दुमडले तर काही बिघडत नाही, मुलं मांडी घालून मजेत बसतात. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, म्हणजे इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, आधी दोन वर्षांपर्यंत तोंड मागे ठेवा म्हणायची. 2018 मध्ये त्यांनी ती वयाची अटही काढली. आता सांगतात की सीटच्या कंपनीने दिलेली उंची किंवा वजनाची मर्यादा ओलांडेपर्यंत तोंड मागेच ठेवा. बऱ्याच सीटमध्ये मूल दोन वर्षांचं होऊन गेलं तरी ती येत नाही. टेनेसीचा कायदा यापेक्षा बराच सैल आहे, तो किमान मर्यादा सांगतो. कायद्यात बसतं म्हणून सीट वळवू नका.

ताई, आता तयारीचं.

पुस्तक पाठ करू नका. लेखी चाचण्या पुस्तक उघडं ठेवूनच असतात. कुठे काय आहे ते सापडलं पाहिजे, एवढंच. हाताचं कौशल्य मात्र तिथे जाऊन चार दिवसांत येत नाही, म्हणून रविवारची कल्पना उत्तम. दोन मॅन्युअल नेहमी जवळ ठेवा, एक सीटचं आणि एक गाडीचं. दोन्हींत जे बसेल तेच करायचं. तज्ज्ञ म्हणून आपलं मत घुसवायचं नाही, हे कोर्समध्ये पहिल्या दिवसापासून बिंबवतात.

सगळ्यात जास्त सराव गाडीच्या पट्ट्याचा करा. लॅचचे हुक, म्हणजे गाडीच्या आसनातल्या कड्यांना अडकवायचे सीटचे हुक, सोपे वाटतात म्हणून सगळे तिकडे धावतात. पण खालच्या हुकांना वजनाची मर्यादा असते, मूल आणि सीट मिळून 65 पौंड, आणि मधल्या जागेवर बहुतेक गाड्यांत त्यासाठीच्या कड्या नसतातच. पट्टा सगळीकडे असतो. पट्टा सीटच्या योग्य वाटेतून घाला, बकल लावा. मग खांद्याकडचा भाग सावकाश, शेवटपर्यंत बाहेर ओढा. सोडताना कट-कट-कट असा आवाज आला की समजा लॉक झाला. आता तो आत जाईल, बाहेर येणार नाही. एका हाताने सीट दाबून धरा आणि दुसऱ्याने ढील आत सोडत जा. 1996 नंतरच्या मॉडेलच्या गाड्यांत पट्टा लॉक करायची काही ना काही सोय असतेच, पण प्रत्येक गाडीत ती अशीच असेल असं नाही. काहींत ती बकलच्या जिभेत असते. म्हणून तर वेगवेगळ्या गाड्या हव्यात.

शेवटी हलवून बघायचं, तेही पट्टा जिथून जातो तिथेच धरून आणि नेहमीच्या नव्हे, दुसऱ्या हाताने. एक इंचापेक्षा कमी हलली तर ठीक. सीटचं डोकं धरून गदागदा हलवलं तर ती हलणारच, त्याने काही कळत नाही. आणि लॅच व पट्टा दोन्ही एकदम लावायचं नाही, कंपनीने स्पष्ट परवानगी दिली असल्याखेरीज.

मग मूल. मागे तोंड असताना सीटचे स्वतःचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा थोडे खालून, पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा थोडे वरून. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत. खांद्यावर पट्टा चिमटीत पकडून बघा. चिमटीत आला तर सैल आहे. इथे आपल्या आज्यांशी जरा प्रेमाने बोलावं लागतं, कारण बाळाला दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवायची सवय असते, थंडीत वर जाड जाकीटही असतं. धडकेत तो सगळा फुगवटा दबतो आणि पट्टा एकदम सैल पडतो. आधी पातळ कपड्यांवर पट्टे आवळा, मग दुपटं वरून पांघरा. बारशाचं जरीचं परकर-पोलकं तर हॉलवर पोचल्यावरच घाला. पट्ट्यांना लावायची मऊ कव्हरं, मानेखालच्या उशा, जे काही सीटबरोबर आलेलं नाही ते काढा. सीटबरोबर आलेली उशीही मॅन्युअल बघूनच. आणि तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकत असेल तर सीट जास्त ताठ आहे, श्वास अडू शकतो. बाजूच्या खुणेवर कोन तपासा.

एक शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. तुमचे हात शिवशिवतील. आजी चाचपडते आहे, पाऊस आला आहे, मागे रांग लागली आहे, आणि तुम्हाला ते दोन मिनिटांत करता येतं. करू नका. एनएचटीएसए या केंद्र सरकारच्या रस्तासुरक्षा विभागाच्या पाहणीत 46 टक्के सीट चुकीच्या वापरल्या जात होत्या, आणि ती माणसं निष्काळजी नव्हती, त्यांना कुणी हातात धरून शिकवलं नव्हतं. तुम्ही घट्ट बसवलेली सीट पुढच्या आठवड्यात धुवायला निघाली की परत लावणार आजीच. तिला स्वतःला तो कट-कट आवाज ऐकू आला पाहिजे.

गुडघे टेकता येतील असे कपडे घाला. चारही दिवस पार्किंगमध्ये वाकायचं असतं.


प्रेषक: फ्रँकलिनहून

ताई, माझी मिनीव्हॅन आणि बायकोची सिव्हिक दोन्ही रविवारी आणतो. मुदत संपलेली एक सीटही आहे.

नॉक्सव्हिलच्या ताईंना विचारायचं होतं. डिसेंबरमध्ये नागपूरला जातो आहोत, मुलगा तीन वर्षांचा. सीट न्यायची का? विमानात चालते का? घरचे म्हणतात, भारतात कुणी विचारत नाही.


प्रेषक: नॉक्सव्हिलहून

दादा, न्या. सीटवर विमानासाठी प्रमाणित असल्याचं लाल अक्षरांत छापलेलं असेल तर मुलाच्या स्वतःच्या तिकिटाच्या जागेवर ती लावता येते. बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला गाडीच्या पट्ट्यासाठी उंच बसवणारं आसन, विमानात वापरता येत नाही.

भारतातही कायदा आहे. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीतलं कलम 194-बी: चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित नसेल तर हजार रुपये दंड. तिथल्या अनेक गाड्यांत पट्टा इथल्यासारखा लॉक होत नाही. तुमच्या सीटला स्वतःचं लॉक आहे का ते बघा, नसेल तर लॉकिंग क्लिपबद्दल, म्हणजे पट्टा सैल होऊ न देणाऱ्या छोट्या क्लिपबद्दल, सीटच्या कंपनीला आत्ताच फोन करा. नेताना सीट मूळ खोक्यात, नीट पॅक करून. आणि तिथून नवी सीट घेऊन इकडे आणू नका. इथे वापरायची सीट इथल्या एफएमव्हीएसएस 213 मानकाची असावी लागते, तसं तिच्यावर लिहिलेलं असतं.


प्रेषक: बालविभाग

ताई, तुमची मेल छापून पिशवीत ठेवली आहे. काका, कट्ट्यावरच्या ज्यांना यायचं असेल त्यांना जरूर आणा. रविवारी मी नव्हे, आजी-आजोबांनीच सीट लावायच्या, मी नुसती उभी राहून सांगायचा सराव करणार आहे.

दुपारी दोन वाजता, मंडळाच्या शाळेचं मागचं पार्किंग. आतापर्यंत मिनीव्हॅन, सिव्हिक, एक पिकअप आणि एक जुनी कॅमरी ठरली आहे. पिकअपमध्ये वरचा टेदर, म्हणजे सीटच्या पाठीवरून गाडीला अडकवायचा पट्टा, कुठे अडकवायचा हे मला प्रत्यक्ष बघायचंच आहे. निघण्याआधी गाडीचं मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये आहे ना ते बघून घ्या, नसेल तर फोनवर उतरवून आणा. चहा बालविभागाकडून.